वाचक विचारतात : लाकडी बाण घरी करताना

प्रश्न : माझ्याकडे ३५ पौंड ओढीचे लाकडी धनुष्य आहे. गावातील सुताराकडून सागवानी फळीतून लेथवर बारा दांडे कातून घेतले. दिसायला ते एकसारखे आहेत, तरीही बहुतेक बाण लक्ष्याच्या डावीकडे जातात आणि एक तर सुटता सुटताच मोडला. दोरी मी उजव्या हाताने ओढतो. चूक कोठे असावी? – एक शिक्षक, परभणी

उत्तर : मोडलेल्या बाणाकडे आधी पाहू, कारण धोका तेथे आहे. फळी चिरताना करवत सरळ जाते, परंतु लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, झाडाच्या वाढीप्रमाणे वळलेली असते. त्यामुळे लेथवर कितीही गुळगुळीत कातलेल्या दांड्यात ती रेषा कोठेतरी तिरकी होऊन कडेने बाहेर पडते आणि दोरीच्या धक्क्याने दांडा नेमका तेथेच तिरपा फाटतो. अशी चिरफळी धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. उरलेले अकरा दांडे उन्हात धरून नीट पाहावेत आणि ज्याची रेषा टोकापासून दोरी बसण्याच्या खाचेपर्यंत सरळ जात नाही, तो निःसंकोच चुलीत घालावा. पुढच्या वेळी सरळ रेषेचे लाकूड करवतीने न चिरता कोयत्याने उभे फोडून घ्यावे आणि ती फाक रंध्याने आधी चौकोनी, मग आठकोनी आणि शेवटी गोल करावी. वेळ लागतो, पण दांडा लाकडाच्या रेषेनेच घडतो. खाच पाडताना ती दांड्याच्या टोकावर दिसणाऱ्या वाढीच्या रेघांना काटकोनात असावी. प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी बाण कानाशी धरून हलकेच वाकवावा; कुरकुर ऐकू आली की तो बाद समजावा.

आता डावीकडे जाण्याविषयी. बाण सुटताना मधोमध वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. दांडा गरजेपेक्षा ताठ असला, तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे पडतो. ताठपणा घरीही मोजता येतो. भिंतीवर २६ इंचांच्या अंतराने दोन खिळे एका उंचीवर ठोकावेत, त्यांवर दांडा आडवा ठेवून मधोमध २ पौंड, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम वजन टांगावे आणि मध्यभाग किती इंच झुकतो ते मोजावे. २६ ला त्या आकड्याने भागले की ताठपणा पौंडांत मिळतो. वजनासाठी डब्यासकट साखर तोलून घेतली तरी चालते. तुमच्या धनुष्याला, बाण २८ इंचांचा धरल्यास, ३५ ते ४० पौंडांचा दांडा साधारणपणे जुळेल. म्हणजे झुकाव १६.५ ते १९ मिलिमीटरच्या दरम्यान यावा. दांडा फारच ताठ निघाला, तर टोक थोडे जड लावावे किंवा सँडपेपरने सर्व बाजूंनी सारखे घासावे. घासताना हात राखून ठेवावा, कारण ९ मिलिमीटरचा दांडा अर्ध्या मिलिमीटरने बारीक झाला की त्याचा ताठपणा सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो.

प्रश्न : बाणाला मोरपिसे लावली तर शोभतील का? आमच्या भागात ती गोळा करता येतात. – एक वाचक, पाटोदा, जि. बीड

उत्तर : आपल्या तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : अभयारण्यातून काहीही उचलून आणू नये. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय पिसाऱ्यातील डोळ्याच्या पिसाचे तंतू सुटे असतात, ते हवा अडवत नाहीत आणि बाणाला स्थिरही करत नाहीत. पाळीव टर्कीच्या किंवा हंसाच्या पंखाची मोठी पिसे घ्यावीत. एका बाणाची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखांतील पिसांचा बाक एकमेकांच्या उलट असतो. पिसाची दांडी ब्लेडने उभी चिरून तळ सपाट करावा, तीन पिसे समान अंतरावर चिकटवावीत, त्यांपैकी एक खाचेला काटकोनात ठेवावे आणि दोन्ही टोकांना दोरा गुंडाळावा. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या, बर्फात टिकून राहिलेल्या माणसाच्या मृतदेहाजवळ १४ बाण होते. त्यांतील पुरे झालेल्या दोन बाणांवरही पिसे डांबरासारख्या चिकाने चिकटवून वर दोरा गुंडाळलेला आहे.

प्रश्न : बाणांवर पैठणीच्या काठाची नक्षी रंगवावी असे मनात आहे. रंगाने बाण बिघडेल का? – एक वाचक, पैठण

उत्तर : पिसांच्या पुढचा वीतभर भाग तेवढा रंगवावा. तेथे रंगाचे पट्टे काढण्याची रीत जुनी आहे आणि तिचा उपयोगही आहे : लक्ष्यातून बाण काढताना आपला कोणता, ते पटकन कळते. वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांप्रमाणे तर एका फेरीतील सर्व बाणांवरील पिसे, खाच आणि पट्टे यांची रंगसंगती एकच असावी लागते. दांडा हँडड्रिलमध्ये हलकेच धरून सावकाश फिरवावा आणि कुंचला स्थिर ठेवावा, म्हणजे पट्टा आपोआप गोल उमटतो. हाताने काढलेला बांगडीमोर इतक्या बारीक गोलाईवर, खरे सांगायचे तर, ओळखूही येणार नाही. नारळी काठाच्या त्रिकोणांची एक ओळ मात्र उठून दिसेल. रंगाचे थर पातळ ठेवावेत, कारण मागचा भाग जड झाला की बाणाचा तोल मागे सरकतो. तोल मध्याच्या पुढेच असायला हवा. रंगवून झाल्यावर सगळे बाण ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलावेत; एका ग्रॅमचा फरकही लांबच्या नेमात जाणवतो. पिसांचा डिंक रंगावर धरतो का, हे आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे.

उरलेल्या दांड्याला जवसाचे उकळलेले तेल पुसावे, म्हणजे पावसाळ्यात लाकूड कमी फुगते. तेलाचे फडके मात्र गोळा करून टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते. उघडे पसरून वाळवावे.

प्रश्न : लाकडाऐवजी मानवेल बांबू चालेल का? – एक वाचक, किनवट

उत्तर : उत्तम चालेल. पावसाळा सरल्यावर तोडलेली, दोन-तीन वर्षांची भरीव काठी सावलीत काही महिने वाळवावी, निखाऱ्यावर शेकून हाताने सरळ करावी आणि पेरांवरचे उंचवटे कानशीने घासावेत. खाच अशा ठिकाणी पाडावी की तिच्या लगेच पुढे पेर येईल, म्हणजे दोरीच्या धक्क्याने बांबू चिरत पुढे जाणार नाही. त्या पेरापाशीही सुती दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत.