व्हान डेर म्यूलन बघताना आधी घोडे सोडा

युद्धचित्रं बघायची सुरुवात सतराव्या शतकातल्या आडाम फ्रान्स व्हान डेर म्यूलन या चित्रकारापासून करताय, छान. फक्त चित्रात अगदी पुढे दिसणाऱ्या घोड्यांत अडकू नका. नवशिक्यांची नजर तिथेच जाते, माझीही बरेच दिवस गेली. थेट क्षितिजाकडे बघा: तटबंदी, चर्चचे मनोरे, नदीचं वळण. १६६७ पासून हा माणूस फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्याबरोबर फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) हिंडला आणि वेढा पडलेल्या शहरांची रेखाटनं जागेवर जाऊन केली. त्याची खरी कमाई तीच. चित्रात पुढे दिसणारा राजा मात्र दरबारी, चिखलातही स्वच्छ!

त्याचा जन्म १६३२चा, ब्रुसेल्समधला. गुरू पीटर स्नायर्स. गुरूची चित्रं शेजारी ठेवून बघाच. स्नायर्स रणांगण उंचावरून, जवळजवळ नकाशासारखं मांडतो. शिष्याने ती उंची ठेवली, पण हवा आणि उजेड आणला. मला गुरू जास्त प्रामाणिक वाटतो, पण ते असो.

१६६४ मध्ये तो पॅरिसला गेला आणि गोबलँ या पडदे विणण्याच्या शाही कारखान्यात राजाचा चित्रकार ल ब्रँ याच्याबरोबर राजाच्या इतिहासाच्या विणलेल्या भिंतपडद्यांवर काम केलं. तिथे एक गोम आहे. आडव्या मागावर विणलेला पडदा मूळ चित्राच्या उलटा, आरशातल्यासारखा येतो. तेव्हा डावं-उजवं जुळलं नाही म्हणून चित्रच वेगळं ठरवू नका. आणि त्याच्या शैलीतल्या प्रती भरपूर आहेत. चित्राच्या पाटीवर त्याच्या नावाआधी ‘कार्यशाळा’ किंवा ‘अनुयायी’ लिहिलंय का, ते वाचा.