कार्डं कपाटावर नकोत, हाताशी हवीत

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची, स्वमग्न (ऑटिझम असलेली), अजून बोलत नाही. चित्रकार्डं दिली तर बोलायचा कंटाळा करेल का? (कोथरूड)

नाही. चित्रांमुळे बोलणं खुंटत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. काही मुलांचं थोडं वाढतंही. दोन-दोन इंचांची कार्डं करा. अप्पा बळवंत चौकात लॅमिनेशन करून घ्याल तेव्हा चारही बाजूंना कड सोडून कापा, नाहीतर लाळ आत शिरून चित्र फुगतं. वेल्क्रोची मऊ पट्टी सगळ्या कार्डांना, खरखरीत पट्टी कार्डं चिकटवायच्या फळीला.

सुरुवातीला मोठी माणसं दोन लागतात. समोरच्याने आवडीची वस्तू, समजा चिक्की, धरून गप्प बसायचं. मागच्याने, तेही न बोलता, मुलीचा हात कार्डाकडे न्यायचा आणि कार्ड समोरच्याच्या तळव्यावर ठेवायला मदत करायची. कार्ड पडताक्षणी ‘चिक्की!’ म्हणून तुकडा द्या. छोटाच, अख्खी दिलीत तर पुन्हा मागेल कशाला? मागची मदत हळूहळू काढून घ्या. बहुतेक घरांत गाडं अडतं ते समोरचा ‘काय हवंय? काय हवंय?’ विचारत राहतो म्हणून. मग मूल मागायला नाही, प्रश्नाची वाट बघायला शिकतं.

पुढे नुसती खाऊची कार्डं पुरत नाहीत. ‘नको’, ‘संपलं’, ‘दुखतंय’ हवीतच. ‘नको’ दाखवूनही घास कोंबलात, तर ते कार्ड ती पुन्हा कशाला उचलेल?

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा तहान लागली की ‘तुला पाणी हवंय?’ म्हणतो. मध्येच मेट्रोतलं ‘पुढील स्थानक’ सुरू होतं. हे थांबवावं का? (वनाज)

थांबवू नका, तो बोलतोच आहे. पाणी मिळतं तेव्हा कानावर पडलेलं वाक्य त्याने अख्खं उचललंय. ‘मला म्हण’ असं सुधारू नका, तो ‘मला म्हण’ हेच म्हणेल. पेला देताना त्याच्या बाजूने म्हणा, ‘मला पाणी हवंय.’ मेट्रोच्या वाक्यासाठी आठवडाभर वही ठेवा: कधी म्हणाला, त्याआधी काय झालं, नंतर कशाने शांत झाला. ‘इथून निघू या’ असाही अर्थ निघू शकतो.

प्रश्न : एक ताई मुलाचा हात धरून टाइप करून घेतात, मोठमोठी वाक्यं येतात. चालू ठेवावं? (हडपसर)

बंद करा. मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरं दाखवून चाचण्या झाल्या, तेव्हा मदतनिसाने पाहिलेलंच टाइप झालं. त्यापेक्षा टॅब स्टँडवर ठेवा, मूल स्वतःच्या बोटाने दाबेल असं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्र दाबलं की शब्द बोलणारं ‘जेलो’ अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही चालतं. बोलताना तुम्हीही त्यातली चित्रं दाबत जा, त्याच्याकडून लगेच उत्तर मागू नका, दहा सेकंद थांबा. चित्रांच्या जागा सारख्या बदलू नका, बोटाला जागा पाठ होते. आणि चार्जिंग संपेल तेव्हासाठी कागदी तक्ता दप्तरात असू द्या.