पाणी शुद्ध करायच्या जेलच्या मण्यांतलं यीस्ट (पाव फुगवतं ते) मेलं तर पाण्यातलं शिसं निघायचं थांबतं का?

अजिबात नाही, उलट मेलेलंच बरं, त्याला खायला घालावं लागत नाही आणि विषारी पाण्यानं ते अजून काय मरणार! शिसं, कॅडमियम पकडतात ते पेशीच्या भिंतीवरचे कार्बॉक्सिल, फॉस्फेट वगैरे रासायनिक गट. सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणारा, जेल बनवणारा पदार्थ) २-३ टक्के द्रावणात यीस्ट कालवायचं आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडायचं, बुंदी पाडतो ना तसं, की मणी तयार. पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप) ५ च्या आसपास ठेवा, फार आंबट पाण्यात हायड्रोजन आयनच धातूंची जागा अडवून बसतात, म्हणून तर भरलेले मणी सौम्य आम्लानं धुऊन परत वापरता येतात. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर मात्र मणीच विरघळायला लागतात. आणि हो, नुसतं अल्जिनेटपण धातू धरतं, त्यामुळे यीस्ट न घातलेल्या रिकाम्या मण्यांची टेस्ट लावल्याशिवाय सगळं क्रेडिट यीस्टला देऊ नका.