दीडशे माजी सैनिक आणि साठ फेटे

प्रश्न : राम राम सुभेदारसाहेब. मी आर्टिलरीतून २०११ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या पंचक्रोशीत दीडशेच्या आसपास माजी सैनिक आहेत. यंदा, २०२४ च्या विधानसभेला आमच्यातलेच एक ऑनररी कॅप्टन अपक्ष उभे आहेत. त्यांच्या पाठिंब्यासाठी युनिफॉर्म चढवून, पदकं लावून, बँडच्या तालावर गावच्या स्मारकापासून तहसील कचेरीपर्यंत मोर्चा काढायचा विचार आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याने अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अशाच एका मोर्चाचा जुना व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून सगळे पेटलेत. परवानगी कोणाकडून घ्यायची? आमच्या संघटनेच्या खात्यात थोडे पैसे आहेत, ते वापरले तर चालतील का? दिवाळीला सुट्टीवर आलेली फौजेतली मुलंही यायला तयार आहेत. – एक माजी सैनिक, जि. सातारा

उत्तर : हवालदारसाहेब, राम राम. आधी एक शब्द बदला. मोर्चा कोणाच्या तरी विरोधात नेतात. उमेदवारासाठी चालत निघालात की ती पदयात्रा. अर्जातही तसंच लिहा, नाहीतर ठाणे अंमलदार पहिलंच विचारतो, "कोणाविरुद्ध?" मला विचारलं होतं.

होय, हा उद्योग मीही करून बसलोय. २०१४ च्या विधानसभेला आमच्या भागातल्या एका उमेदवारासाठी आम्ही साठ जण निघालो. पुतण्याच्या लग्नातले हिरवे-लाल फेटे घरात पडून होते, आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या हॅकलचेच, म्हणजे टोपीवरच्या तुऱ्याचेच रंग. मी म्हटलं, बांधा. आमची चाल मिनिटाला १४० पावलांची, बाकीच्या पलटणींची १२०. पुढे आम्ही मराठे, मागे महार रेजिमेंटचे आणि तुमचे तोफखान्याचे. बाजारपेठेचा चौक यायच्या आत रांगेचे तीन तुकडे झाले आणि एक नाईक, वय ७१, पानाच्या टपरीवर गुडघा धरून बसला. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. निवडणूक विभागाचं व्हिडिओ पथक आमच्याबरोबर चालत होतं. त्यांनी डोकी मोजली, फेटे मोजले, चहाचे कपसुद्धा मोजले, आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे सगळा हिशेब उमेदवाराच्या खर्चात धरला. फेटे आमच्या घरचे होते हे कोण ऐकणार? संध्याकाळी उमेदवाराचा फोन आला, "सुभेदार, मला मतं द्या, बिलं देऊ नका."

तेव्हा पैशांचं आधी सांगतो. विधानसभेच्या उमेदवाराला आज ४० लाखांची खर्चमर्यादा आहे (तेव्हा २८ होती). बँड, मांडव, गाड्या, टोप्या, वडापाव, सगळं त्याच्या हिशेबात जातं. तुम्ही प्रेमाने परस्पर खर्च केला तरी सुटका नाही. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, दंड दहा हजारांपर्यंत. पूर्वी हेच भारतीय दंड विधानात कलम १७१ एच होतं आणि दंड होता पाचशे रुपये, म्हणून कोणी मनावर घेत नव्हतं. कॅप्टनसाहेबांकडून आधी चार ओळींचं पत्र घ्या : अमुक तारखेच्या पदयात्रेला माझी संमती आहे, खर्च माझ्या खात्यात धरावा. पत्रक छापणार असाल तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, नसेल तर छापणाराही अडकतो.

संघटनेच्या पैशाला हात लावू नका. नोंदणी करताना घटनेत तुम्ही लिहिलं असेल माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांचं कल्याण. कॅप्टनसाहेबांचा विजय त्यात बसत नाही. उद्या एखाद्या सभासदाने धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाकला तर अध्यक्ष-खजिनदार तारखांना फिरत बसतील. दुसरं कारण कायद्याचं नाही, पण मला तेच मोठं वाटतं. दीडशे जणांतले सगळे कॅप्टनसाहेबांना मत देणार आहेत का? माझ्या साठातले चौदा जण मनातून दुसऱ्याचे होते, हे मला मतमोजणीनंतर कळलं. तरी ते आले, कारण मी सीनियर होतो आणि मी सांगितलं होतं. हे मला आजही खटकतं. फौजेत 'फॉलिन' म्हटलं की माणूस उभा राहतो, का म्हणून विचारत नाही. ती सवय पेन्शनीत आल्यावरही जात नाही, आणि निवडणुकीत तिचा फायदा घेणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून फलकावर संघटनेचं नाव नको. ज्याला यायचं त्याने आपल्या नावाने यावं. ग्रुपवर 'सर्वांनी हजर राहावे' असा मेसेज टाकू नका, 'यायचं असेल तर कळवा' असा टाका.

आता युनिफॉर्म. नको. सेवेत नसताना सेवेतला सैनिक आहे असा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा तसं दिसणारं चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १६८, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही म्हणाल, आमचा तसा हेतूच नाही. मग घालताय कशाला? लोकांनी 'फौज आली' म्हणावं म्हणूनच ना! पांढरा शर्ट, साधी पँट, पायात चालायचे बूट, बस्स. पदकं तुमच्या कमाईची आहेत, साध्या कोटावर डाव्या बाजूला लावता येतात. पण उमेदवाराच्या झेंड्यामागे मी ती लावणार नाही. माझं एक पदक कारगिलच्या काळातलं आहे, ते मिळालं तेव्हा पंतप्रधान कोणत्या पक्षाचे हे मी पाहिलं नव्हतं. पलटणीच्या जयघोषाचंही तेच. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आमची युद्धघोषणा आहे. ती ओरडून लगेच पुढच्या ओळीत निवडणूक चिन्ह सांगायचं, हे मला जमणार नाही. घोषणा वेगळ्या तयार करा. कॅप्टनसाहेब पाण्याबद्दल काय करणार ते त्यात येऊ द्या.

बॅनरवर सियाचीनचा फोटो, रणगाडा, विमान, सेनाधिकाऱ्यांची चित्रं अजिबात नकोत. सैन्यदलांचे फोटो प्रचारात वापरू नयेत असं निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ ला सर्व पक्षांना कळवलं होतं आणि २०१९ च्या लोकसभेआधी पुन्हा बजावलं. कॅप्टनसाहेबांचा स्वतःचा फोटोही कोट घातलेला द्या. तिरंग्यावर चिन्ह किंवा नाव छापायचा उत्साह कोणाला आलाच तर त्याला घरीच बसवा. राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणं १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा कायद्याखाली गुन्हा आहे. आणि स्मारकापासून निघू नका. तिथे ज्यांची नावं कोरली आहेत त्यांच्या घरातले लोक सगळ्याच पक्षांत आहेत. सकाळी गुपचूप जाऊन फुलं वाहा, उमेदवार सोबत नको, कॅमेराही नको. पदयात्रा एसटी स्टँडवरून काढा.

सुट्टीवर आलेल्या मुलांबद्दल तर मी हात जोडून सांगतो, एकही मुलगा रांगेत दिसता कामा नये. टी-शर्ट आणि जीन्स घातली तरी नाही. सेना नियम १९५४, नियम २० : सेवेतल्या माणसाने राजकीय सभेत किंवा निदर्शनात हजर राहायचं नाही, बोलायचं नाही, वर्गणीसुद्धा द्यायची नाही. सुट्टीवर असला तरी तो सेवेतच असतो. आणि इथेच माझी दुसरी चूक. आमच्या रांगेत डीएससीतला, म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या दलातला एक नाईक होता. मला वाटलं, हा तर पेन्शनर, माजी सैनिकच. पण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती झाला की माणूस पुन्हा आर्मी अ‍ॅक्टखाली येतो. स्थानिक पेपरात फोटो छापून आला, कोणीतरी तो त्याच्या युनिटला पाठवला, आणि बिचाऱ्याला लेखी खुलासा द्यावा लागला. तो खुलासा मीच लिहून दिला, रात्री दीड वाजता, तिसऱ्या मसुद्यात. त्याची नोकरी वाचली. पण त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. तुमच्यातले जे पोलीस, महसूल, शाळा किंवा इतर सरकारी खात्यात दुसरी नोकरी करतात, त्यांनाही लांब ठेवा. त्यांना नागरी सेवा वर्तणूक नियम लागतात. यादी करताना प्रत्येकाला विचारा, "आत्ता पगार कुठून येतो?" हा एकच प्रश्न मी २०१४ ला विचारला नाही.

परवानगी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या एक खिडकी कक्षातून किंवा 'सुविधा' पोर्टलवरून मिळते. किमान ४८ तास आधी अर्ज करा. मार्ग, वेळ, माणसांचा अंदाज, गाड्या, लाउडस्पीकर, सगळं लिहा आणि लिहिलेल्या मार्गावरूनच चाला. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश या काळात बहुतेक जिल्ह्यांत लागलेला असतो, त्यामुळे 'आपण थोडेच आहोत, परवानगी कशाला' असं चालत नाही. त्याच आदेशात काठ्याही येतात, तेव्हा ड्रिल केन, म्हणजे कवायतीची छडी, घरी ठेवा. परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं असेल तर मुकाट्याने करा. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला आहे, म्हणजे १८ तारखेच्या संध्याकाळी प्रचार संपतो. १७ च्या रविवारी निघा. सोमवारी निघालात तर एखादा ट्रॅक्टर आडवा आला की वेळ संपायची.

माजी सैनिकांचा ईसीएचएस दवाखाना आणि कँटीन इथे पत्रकं वाटू नका, दोन्ही ठिकाणं लष्कराची आहेत. सैनिक आरामगृहात बैठकही नको. नोव्हेंबरात बहुतेकांचा हयातीचा दाखला असतो. पेन्शनच्या 'स्पर्श' केंद्रासमोरच्या रांगेत दीडशे माणसं आयती सापडतात, हे मलाही माहीत आहे. तिथेही नको. ज्याचं पेन्शन अडकलंय त्याला चिन्ह दाखवणं बरं दिसत नाही. पदयात्रेनंतर मटणाचा बेत असेल तर तो मतदानाच्या निकालानंतर करा. मतांसाठी जेवण घालणं हा लाचेचाच प्रकार धरला जातो. आणि कँटीनची रम! एकाही कोट्यातली बाटली कार्यकर्त्यांच्या हातात गेली तर तुमचं कार्ड रद्द होईल, उमेदवाराची इज्जत जाईल ते वेगळंच.

भाच्याच्या व्हिडिओचं सांगतो, तो मीही पाहिलाय. २० फेब्रुवारी २०१२, वॉशिंग्टन. रॉन पॉल हे टेक्ससचे खासदार रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. स्वतः हवाई दलात डॉक्टर राहिलेले आणि परदेशातल्या लढाया बंद करा म्हणणारे. त्यांच्यासाठी माजी सैनिक व्हाइट हाउसपर्यंत चालत गेले आणि तिथे पाठ फिरवून उभे राहिले. बघताना माझ्याही अंगावर काटा आला. पण त्याच्या दीडेक महिना आधी, आयोवातल्या त्यांच्या प्रचाराच्या मंचावर एक राखीव दलातला जवान वर्दी घालून चढला होता. लष्कराने त्याला लेखी ठपका दिला. त्यांच्याकडेही नियम हाच आहे. उमेदवारी शेवटी मिट रॉम्नींना मिळाली.

एक शेवटचं, कॅप्टनसाहेबांच्या कानावर घाला. जनरल करिअप्पा, आपले पहिले भारतीय सरसेनापती, १९७१ ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. दुसरीकडे जनरल व्ही. के. सिंह २०१४ ला गाझियाबादमधून साडेपाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले, पण त्यांच्यामागे पक्ष होता आणि लाटही. आपले कॅप्टनसाहेब अपक्ष आहेत. साहेबांनी पदयात्रेपेक्षा रोज संध्याकाळी दोन वाड्या पायी फिराव्यात, बरोबर चार माणसं आणि वही घेऊन. तुमच्या दीडशेंनी आपापल्या भावकीत बसून बोलावं. त्याला परवानगी लागत नाही, बँडही लागत नाही.

प्रश्न : माझे पती २००३ मध्ये ड्युटीवर असताना गेले. गावातल्या पदयात्रेत मला पहिल्या रांगेत चालायला सांगितलं आहे. त्यांची पदकं मी लावू शकते का? नाही म्हटलं तर वाईट दिसेल का? – एक वीरपत्नी, जि. सांगली

उत्तर : ताई, पदकं लावता येतात. स्वतःची पदकं डाव्या बाजूला आणि घरच्या माणसाची उजव्या बाजूला, असा रिवाज आहे. पण तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून जाऊ नका. तो उमेदवार तुमच्या दारात कधी आला होता? पेन्शनच्या कागदावर सही करायला मदत केली होती का? तसं असेल आणि तुमचं मन असेल तर जा. नसेल तर "मला बरं नाही" असं खोटं सांगायचीही गरज नाही, "मी येणार नाही" एवढं पुरे. वाईट दिसलं तर बोलावणाऱ्यांना दिसेल. माझा नंबर संपादकांकडून घ्या आणि त्यांना द्या, पुढचं मी बोलतो.