नववीतील मुलीला एनसीसीच्या नेमबाजी प्रशिक्षणाला पाठवावे का? तिला रायफल झेपेल का?

आपली मुलगी बडोद्यात नववीत आहे, शनिवार-रविवारच्या प्रशिक्षणासाठी तिचे नाव आले आहे आणि तिला पाठवावे की नाही, असे आपण विचारले आहे. पाठवावे. रायफल झेपेल का, हा प्रश्न मात्र मी शाळेत एनसीसीची अधिकारी असताना इतक्या जणांकडून ऐकला आहे, की त्याला थोडक्यात उत्तर देणे मला जमणार नाही.

आमच्या शाळेत व्यायामाचे एक ज्येष्ठ शिक्षक होते. दांडिया बाजारातील आखाड्यात घडलेले, मल्लखांबात निष्णात आणि मतांचे पक्के. "बाई, पालथे पडून चाप ओढण्याला व्यायाम म्हणत नाहीत, आणि मुलींचे हात थरथरणारच," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. एका रविवारी ते मुद्दाम रेंजवर आले आणि नेमक्या त्याच दिवशी माझ्या तुकडीतील एका मुलीच्या पाचही गोळ्या लक्ष्यपत्रावर चार दिशांना गेल्या. सरांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले, आणि तेच जास्त लागले.

परंतु आदल्या दिवशीच्या कोऱ्या सरावात, म्हणजे काडतुसाशिवाय चाप दाबताना, याच मुलीच्या रायफलीच्या नळीवर ठेवलेले नाणे एकदाही पडले नव्हते. हात स्थिर होता, तर दोष दुसरीकडे असणार. मी तिला दोन्ही हातांच्या पंजांनी लहानशी खिडकी करून त्यातून दूरचा खांब पाहायला आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायला सांगितले. उजवा डोळा मिटल्यावर खांब जागेवर राहिला, डावा मिटताच तो खिडकीबाहेर गेला. ती उजव्या हाताची, पण तिचा प्रबळ डोळा डावा होता. लष्कराकडून आलेल्या प्रशिक्षकांच्या संमतीने आम्ही रायफल तिच्या डाव्या खांद्याला लावली. बोल्ट, म्हणजे दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा खटका, उजवीकडे असल्यामुळे प्रत्येक गोळीनंतर तिची ओढाताण होत होती, तरी पुढच्या फेरीतील पाचही छिद्रे एका पेढ्याखाली झाकली जातील इतकी जवळ आली. "मध्यभागी तर एकही नाही," असे सर म्हणाले. नवशिक्याकडून पहिली अपेक्षा गोळ्या एकमेकींजवळ पडण्याची असते, मध्यभाग नंतर साइट, म्हणजे नळीवरची नेम धरण्याची खूण, सरकवून साधता येतो, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. त्यांनी ते कधीच मान्य केले नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्या पालथे पडूनच आणि पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या, एनसीसीतल्यासारख्याच छोट्या गोळीनेच. नेमबाजी ही आपल्या गावची परंपरा नव्हे, असेही सर म्हणत. 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन करणारे, पहिल्या लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर यांचा जन्म बडोद्याचाच, आणि राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

आता तयारीविषयी. पॉइंट टू टूचा धक्का नगण्य असतो, त्यामुळे दंडाच्या ताकदीची चिंता सोडा. श्वास अर्धा सोडून क्षणभर रोखणे आणि चाप झटका न देता हळूहळू दाबणे यांचा घरी सराव करता येतो. डोळ्याची वरील चाचणी आजच करा आणि निकाल तिच्या अधिकारी बाईंना कळवा. गोळ्या थोड्याच मिळतात. बहुतेक वेळ पाळीची वाट पाहण्यात, लाल झेंड्याकडे लक्ष ठेवण्यात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करण्यात जातो, म्हणून ती कंटाळून आली तर नवल मानू नका.

तरीही धोका नाही असे मी म्हणणार नाही. ही छोटी गोळी एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते. म्हणून मुलीला हुकमाआधी हात चालवण्याची सवय असेल, तर यंदा थांबवलेले बरे. कानांत बोळे हवेत, चष्मा असल्यास तो घालूनच नेम धरावा, आणि गोळी शिशाची असल्यामुळे जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. हे शेवटचे शिबिरात कोणी सांगेलच, अशी खात्री धरू नका.