पात्याला भिंत हवी

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. आकाशकंदिलासाठी कार्डशीट कापताना प्लॅस्टिकच्या पट्टीवरून कटर घसरला आणि डाव्या तर्जनीला चांगलंच लागलं. आता स्टीलची पट्टी घ्यायची म्हणते. रेघा मारायला आणि कापायला एकच चालेल का? कोणती घेऊ?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, बोट आता बरं असेल अशी आशा करतो. माझ्याही डाव्या तर्जनीवर तसाच व्रण आहे. वडिलांच्या हाताखाली बाइंडिंग शिकायला लागलो तेव्हाचा; वय तुमच्या मुलीएवढंच. मुलीची ती पट्टी उजेडात धरून बघा, कडेला बारीक खाचा दिसतील. पातं प्लॅस्टिकमध्ये रुततं, त्याची साल काढत वर चढतं आणि थेट बोटावर येतं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हलकी आणि देखणी, पण तो धातूही मऊच. तिच्या कडेलाही हळूहळू खाचा पडतात.

तेव्हा स्टेनलेस स्टीलचीच घ्या, आणि चकाकी बघू नका, जाडी बघा. अर्ध्या मिलिमीटरची पातळ पट्टी मोजायला छान, पण तिच्यावर पातं सहज चढतं. कापायला निदान 1 मिलिमीटर जाड हवी, म्हणजे पात्याला टेकायला भिंत मिळते. लांबी 30 सेंटिमीटर पुरे.

मुलांसाठी मात्र मी सेफ्टी पट्टी सुचवेन. तिच्या मधोमध लांबलचक खोलगट भाग असतो, बोटं त्यात बसतात आणि पात्याच्या बाजूला उंच कड आडवी येते. फक्त कापायची कड स्टीलची आहे ना, हे विचारून घ्या.

रेघांसाठी वेगळी ठेवलेली बरी. खाली बुचाचा थर असलेली पट्टी सरकत नाही आणि तिची कड कागदापासून जरा वर राहते, त्यामुळे शाई खाली ओढली जात नाही. कापताना तीच उचललेली कड नडते, पतंगी कागद तिच्याखाली फेंदारतो.

दुकानातच एक रेघ मारा, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून पुन्हा मारा. दोन्ही रेघांमध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी आहे, परत द्या.

आता मुलीला एवढं शिकवा. उभं राहून कापायचं. पट्टी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवायची, म्हणजे कटर निसटला तरी टाकाऊ बाजूला जातो. पात्याचं बोथट टोक आधी पक्कडीने मोडून टाकायचं; बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तिथेच घात होतो. कार्डशीट एका दमात कापायची नाही, हलक्या हाताने तीनदा पातं फिरवायचं. लांब काप असेल तर मध्येच थांबायचं, पातं कागदात तसंच ठेवायचं, डावा हात पट्टीवरून खाली सरकवून पुन्हा दाबायचा आणि मग पुढे कापायचं.