पीएफचा ॲडमिन चार्ज माझ्या पगारातून का? आणि बोनसवर पीएफ का नाही?

चार्ज आधी, म्हणजे पीएफचं काम चालवण्यासाठी घेतलं जाणारं शुल्क. जून २०१८ पासून तो पीएफ-वेतनाच्या (ज्या पगारावर पीएफ मोजतात त्याच्या) ०.५ टक्के आहे, १५,००० वर ७५ रुपये, आणि तो कंपनीनेच भरायचा असतो. तुमच्या पगारातून कापणं नियमात बसत नाही. पण बऱ्याच कंपन्या तो सीटीसीत, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चात, मोजतात. पॅकेज तेवढं फुगलेलं दिसतं, खिशात काही येत नाही. तेव्हा पगारपत्रकात तो नेमका कुठल्या रकान्यात आहे ते पाहा. वजावटीत असेल तर एचआरला लेखीच विचारा, तोंडी विचारलेलं विसरलं जातं.

बोनस पीएफच्या वेतनात धरत नाहीत, म्हणून त्यावर कपात नाही. प्राप्तिकर मात्र लागतो. त्यातले पैसे निवृत्तीसाठी ठेवायचे असतील तर मासिक व्हीपीएफ (स्वेच्छेने कापून घेतलेला जादा पीएफ) वाढवून घ्या.